फूट आणि क्युसेक : सातारा-सांगलीत कृष्णा मोजण्याचा इतिहास

नदी दोन प्रकारांनी मोजतात. पाणी किती उंचीपर्यंत चढले हे एक माप, आणि एका सेकंदात किती पाणी पुढे गेले हे दुसरे. पहिले फुटांत सांगतात, दुसरे क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट या हिशेबात. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत पावसाळा लागला की दोन्ही मापे रोज कानावर पडतात. कोयना धरणाचा विसर्ग क्युसेकमध्ये सांगतात, सांगलीच्या आयर्विन पुलाची पातळी फुटांत. दोन्हींचा इतिहास मात्र सारखा नाही. उंची मोजायला खांबावरच्या रेघा पुरतात. प्रवाह मोजायला पात्राचा आकार, जागोजागची खोली आणि पाण्याचा वेग, तिन्ही ठाऊक असावे लागतात. त्यामुळे उंचीच्या नोंदी जुन्या आहेत, प्रवाहाच्या त्या मानाने अलीकडच्या. कृष्णाकाठच्या पुराविषयीचे बरेच वाद या दोन मापांमधल्या अंतरातून निघालेले आहेत.

कृष्णा क्षेत्र महाबळेश्वरला उगम पावते. वाई, भुईंज, संगम माहुली, कराड, बहे, भिलवडी असा प्रवास करत ती सांगलीला येते. वाटेत माहुलीला वेण्णा मिळते, कराडला कोयना, सांगलीच्या खाली हरिपूरला वारणा आणि नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. महाराष्ट्रातली तिची लांबी २८२ किलोमीटर, आणि बंगालच्या उपसागरापर्यंतचा एकूण प्रवास सुमारे १,४०० किलोमीटरांचा. त्याच महाबळेश्वराच्या पठारावरून निघणारी सावित्री पश्चिमेला उतरते, महाडवरून जाते आणि बाणकोटच्या खाडीत भरती-ओहोटीच्या हवाली होते. एकाच पठारावरचे पाणी असे दोन समुद्रांना जाते. सावित्रीचे पाणी थोड्या अवधीत खाडीला लागते. कृष्णेचे मात्र सपाट मुलखातून दिवसेंदिवस वाहत राहते, आणि म्हणूनच ते मोजण्याची गरजही याच बाजूला जास्त भासली.

उपकरणे येण्याआधीही नदीचा अंदाज ठेवला जात होता. वाईच्या ढोल्या गणपतीचे देऊळ ऐन घाटावर आहे. अठराव्या शतकात रास्त्यांनी ते बांधले, तेव्हा मागची भिंत माशाच्या आकाराची निमुळती ठेवली, म्हणजे पुराचे पाणी तिच्यावर आदळून दुभंगावे आणि दोन्ही बाजूंनी निघून जावे. पूर कुठून आणि किती जोराने येतो याची पक्की माहिती असल्याशिवाय असे बांधकाम सुचत नाही. नरसोबाच्या वाडीचा दक्षिणद्वार सोहळा हाही एका अर्थाने पातळीचीच नोंद आहे. पाणी वाढत वाढत दत्तमंदिरात शिरते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेच्या दारातून बाहेर पडते. ज्या वर्षी हे घडते त्या वर्षी नदी एका ठराविक उंचीपर्यंत चढली, एवढे निश्चित सांगता येते. भिलवडीजवळच्या औदुंबरचे दत्तमंदिर पाण्यात गेले की आसपासच्या गावांना तसाच अंदाज येतो. गावोगावच्या घाटांवर पाणी कितव्या पायरीवर आहे ते पाहूनच होडी घालायची की नाही हे ठरे, आणि पूर आला की बायका कृष्णामाईची ओटी भरत. वर्षांची ओळख पुरावरून ठेवण्याची रीत सांगलीत अजून आहे. १९१४ चा पूर न पाहिलेल्या पिढ्यांच्याही बोलण्यात तो येतो.

आकड्यांची सुरुवात नदीपासून झाली नाही, पावसापासून झाली. साताऱ्याच्या महाराजांकडून महाबळेश्वरची जागा घेऊन जॉन माल्कम यांनी १८२८ च्या सुमारास तिथे आरोग्यधाम वसवले, आणि तिथल्या डॉक्टरांनी लवकरच पर्जन्यमापक लावले. आलेले आकडे पाहून युरोपातले अभ्यासक चकित झाले. वर्षाची सरासरी २५० इंचांच्या वर निघत होती, आणि तिथून जेमतेम १८ किलोमीटरांवरच्या पाचगणीला तिचा लहानसा भागच पडत होता. वाईला आणखी कमी. घाटमाथ्यावरून पूर्वेला उतरताना पाऊस किती झपाट्याने ओसरतो, हे इथे स्पष्ट दिसते.

याच काळात विल्यम हेन्री साइक्स हा लष्करी अधिकारी मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी म्हणून दख्खनभर फिरत होता. १८३५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्याचा दख्खनच्या वातावरणातील भरती-ओहोटीवरचा निबंध छापला गेला. हवेचा दाब दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी नऊ-दहाला आणि रात्री दहाच्या सुमारास तो वर असतो, पहाटे आणि दुपारी चारच्या आसपास खाली. साइक्सने बॅरोमीटर घेऊन दख्खनच्या पठारावर ही गोष्ट चिकाटीने नोंदली. समुद्रापासून दूर असलेल्या या मुलखाचा भरती-ओहोटीच्या शास्त्राशी आलेला हा पहिला संबंध म्हणता येईल.

दुसरा संबंध अधिक व्यवहाराचा होता. सांगली समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, असे म्हणताना ही सपाटी कुठे आहे हे आधी कोणीतरी ठरवलेले असावे लागते. भारताच्या सर्वेक्षण खात्याने १८७० च्या दशकात कॅप्टन बेअर्ड यांच्या देखरेखीखाली कच्छच्या आखातापासून भरतीमापन यंत्रे बसवायला सुरुवात केली. मुंबईच्या अपोलो बंदरावरची अखंड नोंद १८७८ पासून मिळते आणि उत्तर हिंदी महासागरातली ती सर्वांत लांब नोंदींपैकी एक आहे. १८७९ मध्ये भारतातल्या बंदरांची भरती आधीच सांगता यावी म्हणून लंडनमध्ये एक खास यंत्र बनवले गेले. पुढे १९०९ मध्ये मुंबई, कारवार, मद्रास, कराची अशा नऊ ठिकाणच्या भरतीच्या नोंदींवरून देशाची सरासरी समुद्रसपाटी निश्चित झाली, आणि रेल्वे, रस्ते, कालवे यांच्या उंच्या तिच्यावर आधारल्या गेल्या. आज कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाची पूर्ण पातळी ५१९.६० मीटर असे लिहितात, ती याच सपाटीपासून मोजलेली असते. त्यामुळे सांगलीच्या पुलाखालची पातळी आणि कर्नाटकातल्या धरणाची पातळी यांची तुलना करता येते.

भरतीमापकाला कळते ती उंचीच. किनाऱ्यालगत पाणी कोणत्या दिशेला आणि किती वेगाने वाहते, हे त्याला सांगता येत नाही. भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या प्रवाहांचा तपशीलवार अभ्यास व्हायला म्हणूनच विसाव्या शतकाचा शेवट उजाडावा लागला. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत सतीश शेट्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकापासून हे काम केले. पावसाळ्यात हा प्रवाह दक्षिणेकडे आणि हिवाळ्यात उत्तरेकडे वाहतो, आणि त्यामागे केवळ इथला वारा नसून बंगालच्या उपसागरावरून किनाऱ्याने येणाऱ्या लाटांचाही हात आहे, ही त्या अभ्यासातली मोठी गोष्ट. शेट्ये यांना १९९२ मध्ये भटनागर पुरस्कार मिळाला. समुद्रात जे झाले तेच कृष्णेतही झाले: उंची आधी, प्रवाह नंतर.

कृष्णेवर प्रवाह मोजण्याची निकड पहिल्यांदा कालव्यांमुळे निर्माण झाली. १८६० च्या दशकात कराडच्या वर खोडशी येथे बंधारा घालून कृष्णा कालव्याचे काम निघाले. कालव्यात पाणी सोडायचे, शेतकऱ्यांकडून पट्टी घ्यायची, तर किती पाणी सोडले ते सांगता आले पाहिजे. १८७६-७७ च्या दुष्काळात माण खोऱ्यात म्हसवडचा तलाव दुष्काळी काम म्हणून सुरू झाला, तेव्हा प्रश्न उलटा होता: या माळरानावरून तलावात पाणी येणार तरी किती? पावसाचा आकडा होता, पण त्यातले जमीन किती पिते आणि ओढ्यात किती उतरते याचा अंदाज कोणालाच नव्हता. महाबळेश्वरच्या एका इंचाचा आणि माणच्या एका इंचाचा हिशेब सारखा नाही, एवढे शेतकऱ्यांना माहीत होते. अभियंत्यांना ते सूत्रात बसवायला आणखी पन्नास वर्षे लागली.

ते काम मुंबई इलाख्याच्या पाटबंधारे खात्यातले क्लॉड इंग्लिस यांच्या नावावर आहे. १९१६ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या एका विशेष पाटबंधारे विभागातून आजचे खडकवासल्याचे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र वाढले, आणि त्याच्या घडणीत इंग्लिस यांचा वाटा मोठा होता. पुढे ते ब्रिटनच्या वॉलिंगफर्ड येथील जलसंशोधन संस्थेचे पहिले संचालक झाले. खडकवासल्याच्या केंद्रात आज नद्यांच्या जोडीला बंदरांच्या भरतीचे नमुनेही चालवले जातात. इंग्लिस आणि डिसूझा यांनी पश्चिम भारतातल्या ५३ ठिकाणी ओढे-नद्यांचे प्रवाह मोजून १९२९ मध्ये दोन सूत्रे मांडली, एक घाटासाठी आणि एक पठारासाठी. घाटावर वर्षाच्या पावसाचे सेंटीमीटर ०.८५ ने गुणून त्यातून ३०.५ वजा केले की वाहून जाणारे पाणी मिळते. पठारावर पावसातून १७.८ वजा करून उरलेल्याला पुन्हा पावसाने गुणायचे आणि २५४ ने भागायचे. महाबळेश्वरला ६०० सेंटीमीटर पाऊस धरला तर ४७९ सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे जवळजवळ ८० टक्के, पाणी वाहून नदीला मिळते. सांगलीच्या मुलखात ५५ सेंटीमीटर धरले तर वाहून जाते अवघे ८ सेंटीमीटर, म्हणजे १५ टक्क्यांच्या आत. सांगलीचा पूर सांगलीच्या पावसाने येत नाही ही गोष्ट या दोन ओळींत आहे. सांगलीत ऊन पडलेले असताना पाणी चढते, तेव्हा ते पाटण, महाबळेश्वर आणि चांदोलीच्या डोंगरांवर पडलेले असते.

इंग्लिस यांच्या नावाचे आणखी एक सूत्र महापुरासाठी आहे. पाणलोट क्षेत्रावरून सर्वांत मोठा विसर्ग किती येईल याचा ते अंदाज देते. त्यात विसर्ग क्षेत्राच्या वर्गमुळाच्या जवळपास प्रमाणात वाढतो, म्हणजे पाणलोट चौपट झाले की महापूर साधारण दुप्पट. पश्चिम महाराष्ट्रातल्या कितीतरी पुलांची आणि सांडव्यांची रुंदी या सूत्रावर ठरली. आज संगणकाच्या काळातही आडाखा तपासायला ते वापरतात.

त्याच १९२९ साली सांगलीत आयर्विन पूल पुरा झाला. चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या कारकिर्दीत बांधलेला हा पूल व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या नावाने ओळखला गेला. त्याआधी सांगलवाडीकडे जायला होडी होती. पुलाच्या खांबावर फुटांच्या खुणा आल्या आणि सांगलीच्या पुराला भाषा मिळाली. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. पाणी किती फुटांवर गेले की सूर्यवंशी प्लॉट, काकानगर, दत्तनगर, मगरमच्छ कॉलनी यांतले कोणते घर रिकामे करायचे, हे तिथल्या रहिवाशांना कोणत्याही पत्रकाशिवाय कळते. शासकीय इशाऱ्यांपेक्षा हा पुलावरचा आकडा लोकांना अधिक विश्वासाचा वाटतो, आणि त्यात गैर काही नाही. तो डोळ्यांनी दिसतो आणि दरवर्षी एकाच ठिकाणी मोजलेला असतो.

पण तो आकडा फसवूही शकतो. एकच उंची दोन वेगळ्या प्रवाहांनी येऊ शकते. पूर चढत असताना पाण्याचा उतार पुढच्या बाजूला जास्त असतो, म्हणून तेवढ्याच उंचीला वेग अधिक असतो. ओसरताना तोच ४५ फुटांचा आकडा कमी पाणी दाखवतो. सांगलीत याला आणखी एक कारण जोडले जाते. हरिपूरला वारणा आणि पुढे नरसोबाच्या वाडीला पंचगंगा एकाच वेळी भरून आल्या की कृष्णेच्या पाण्याला पुढे जायला वाट उरत नाही, ते मागे तुंबते आणि पुलावर फूट चढतात. प्रवाह तोच, उंची जास्त. कराडच्या खाली नदीचा उतार मंदावतो, पात्र वळणे घेते, आणि गाळाच्या सपाट जमिनीत पाणी दूरवर पसरते. म्हणून सांगलीचा पूर कराडसारखा वेगाने येऊन वेगाने जात नाही. तो दिवसेंदिवस बसून राहतो.

प्रवाह थेट मोजण्याची पद्धत कष्टाची आहे. नदीच्या रुंदीचे पट्टे पाडायचे, प्रत्येक पट्ट्यात खोली मोजायची, पाण्यात फिरत्या वाट्यांचे वेगमापक सोडायचे आणि ठरलेल्या खोलीवर सेकंदांत किती फेरे होतात ते मोजायचे. उथळ पट्ट्यात पृष्ठभागापासून सहा दशांश खोलीवर एक नोंद घेतात, खोल पट्ट्यात दोन दशांश आणि आठ दशांश खोलीवर दोन घेऊन त्यांची सरासरी काढतात. वेग गुणिले क्षेत्रफळ, सगळ्या पट्ट्यांची बेरीज, की एका उंचीचा विसर्ग मिळतो. अशा अनेक उंच्यांचे आकडे जमले की त्यांवरून उंची आणि विसर्ग यांची वक्ररेषा काढतात, आणि पुढे फक्त उंची वाचून विसर्ग सांगतात. केंद्रीय जल आयोग कृष्णेवर कराड, अर्जुनवाड आणि कुरुंदवाडला, कोयनेवर वारुंजीला आणि वारणेवर समडोळीला हे काम करतो. खरी अडचण महापुरात येते. झाडे, ओंडके, जनावरे वाहून येत असताना होडी घालता येत नाही, वेगमापक टिकत नाही. म्हणजे जो विसर्ग जाणून घेणे सर्वांत गरजेचे, तोच बहुतेक वेळा वक्ररेषा पुढे ओढून काढलेला असतो.

१९६० च्या दशकात कोयना धरण उभे राहिल्यावर नदीच्या हिशेबात एक नवीन रक्कम आली. पाटण तालुक्यात हेळवाकजवळ १०३ मीटर उंचीचे हे धरण आहे. शिवसागर जलाशयाची क्षमता सुरुवातीला ९८.७८ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) होती, पुढे ती १०५.२५ टीएमसी झाली. नदी पूर्वेला वाहत असली तरी वीजनिर्मितीसाठी जलाशयातले पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला पोफळीकडे उतरवतात. तिथून ते कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीला मिळते, आणि चिपळूणवरून दाभोळच्या खाडीत जाऊन अरबी समुद्राला मिळते. कृष्णेच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या बच्छावत लवादाने पश्चिमेला वळवायच्या पाण्याची वर्षाला ६७.५ टीएमसी अशी मर्यादा घातली. सातारा जिल्ह्यातले पाणी कोकणच्या खाडीत भरतीला सामोरे जाते, ही गोष्ट महाबळेश्वरच्या पठाराने सावित्रीतून नैसर्गिकपणे केली होती. इथे ती बोगद्यांनी आणि वीजघरांनी केली.

धरणामुळे विसर्गाचे आकडे लोकांपर्यंत पोहोचले, पण त्यांचा अर्थ सहज लागत नाही. एक लाख क्युसेकने चोवीस तास पाणी सोडले तर ८.६४ टीएमसी पाणी जाते. म्हणजे भरलेला शिवसागर त्या गतीने बारा दिवसांत रिता होईल. कोयनेचा आकडा आला की सांगलीकर आयर्विनकडे बघतात, पण मधल्या टप्प्यात ते पाणी आधी कराडला कृष्णेत मिसळते, बहे आणि भिलवडीच्या सपाटीत पसरते आणि मग सांगलीला पोहोचते. पात्राबाहेर जितके पाणी पसरेल तितका पुढचा शिखरविसर्ग कमी होतो आणि उशिरा येतो. नदीकाठ भराव घालून बंद केला की नेमका हाच फायदा जातो.

२००५ च्या पुरात आयर्विनची पातळी पावणेचौपन्न फुटांच्या आसपास गेली. ऑगस्ट २०१९ मध्ये ती साडेसत्तावन्नच्या घरात पोहोचली. तेव्हा कोयनेतून लाखावर आणि खाली अलमट्टीतून पाच लाखांवर क्युसेक पाणी सुटत होते, आणि ब्रह्मनाळला बोट उलटून माणसे गेली. दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पाणी पुन्हा ५५ फुटांच्या आसपास आले. २०१९ नंतर शासनाने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने अलमट्टीचा जलाशय हे पुराचे मुख्य कारण नसल्याचा निष्कर्ष दिला. तो सांगली-कोल्हापुरातल्या अनेक कार्यकर्त्यांना आजही मान्य नाही, आणि अलमट्टीची उंची ५२४.२५६ मीटरपर्यंत वाढवण्याचा कर्नाटकाचा आग्रह पुढे आला की वाद पुन्हा पेटतो. वादाचा गाभा मोजमापाचाच आहे: खालच्या फुगवट्याचा परिणाम किती लांबपर्यंत पोहोचतो, आणि पुलावरचे फूट वरून आलेल्या पाण्याने चढले की पुढे वाट न मिळाल्याने.

पूररेषा हाही त्याच हिशेबाचा भाग आहे. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्याच्या आत बांधकाम नाही, दोन्हींच्या मध्ये निर्बंध. शंभर वर्षांचा पूर सांगायला विसर्गाच्या लांबलचक नोंदी लागतात, आणि १९१४ च्या पुराचा विसर्ग कोणी मोजलेला नाही. सोळा वर्षांत तीनदा पन्नास फूट ओलांडल्यावर जुन्या नोंदींवर आखलेल्या रेषा कितपत विश्वासाच्या, हा प्रश्न तांत्रिक राहिलेला नाही. त्या रेषेत ज्यांचे घर आहे त्यांच्यासाठी तो मिळकतीचा प्रश्न आहे.

आता कृष्णा आणि भीमा खोऱ्यांत जलसंपदा विभागाची वास्तविक वेळेत माहिती देणारी यंत्रणा आहे. पर्जन्यमापक आणि पातळीमापक तासागणिक आकडे पाठवतात. प्रवाहासाठी ध्वनिलहरींनी वेग मोजणारी उपकरणेही आली आहेत. पाण्यातल्या कणांवरून परतणाऱ्या ध्वनीच्या कंपनसंख्येतला फरक पाहून ती एकाच वेळी सगळ्या खोलींवरचा वेग सांगतात. हे उपकरण मुळात समुद्रातल्या प्रवाहांसाठी घडले आणि नंतर नद्यांवर आले. गोव्याच्या संस्थेने भारताच्या किनाऱ्यालगतच्या खोल पाण्यात अशीच उपकरणे वर्षानुवर्षे नांगरून ठेवली. नदीवर मात्र एक काम दर मोठ्या पुरानंतर पुन्हा करावेच लागते. गाळ साचतो, काठ खचतात, पात्र सरकते, आणि आदल्या वर्षीची वक्ररेषा चुकीची ठरते. मग पात्राचे छेद नव्याने मोजून उंची आणि विसर्ग यांचे नाते पुन्हा बसवावे लागते.